गाळा नंबर चौदाचं साडेसात मेगावॅट

सगळं सुरळीत पार पडलं असतं तर माझा मेहुणा जयवंत याचे महिन्याला दोनशे बारा रुपये वाचणार होते. वर्षाचे दोन हजार पाचशे चव्वेचाळीस. दहा वर्षं दर वाढले नाहीत असं धरलं तर पंचवीस हजार चारशे चाळीस. विजेचे दर दहा वर्षं वाढत नाहीत असं धरायला माणूस फारच भाबडा लागतो, पण हिशेबाला कुठूनतरी सुरुवात करावी लागते. या रकमेत माझा वाटा शून्य होता. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण "तुम्हाला काय मिळणार होतं त्यातून?" हा प्रश्न सुलक्षणाने, म्हणजे माझ्या बायकोने, पुढे मला इतक्या वेळा विचारला की शेवटी आमच्याकडे दूध टाकणारासुद्धा विचारायला लागला.

जयवंत तिचा धाकटा भाऊ. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत चौदा नंबरच्या गाळ्यात त्याचा मसाल्याचा डंका आहे. डंका म्हणजे लोखंडी मुसळांची रांग. खाली मोटर फिरते, वर मुसळं एकाआड एक धाडधाड आपटतात आणि अर्ध्या तासात मिरचीचं पीठ होतं. गाळा दहा बाय पंधराचा. आत शिरलेला माणूस आधी शिंकतो, मग रडतो आणि मग भाव विचारतो. एप्रिल-मे हा त्याचा हंगाम. कोकणातली, कोळीवाड्यातली, सगळी घरं वर्षाचा मसाला याच दिवसांत करून घेतात. या सहा आठवड्यांत जयवंत जे कमावतो त्यावर तो उरलेलं वर्ष काढतो आणि मधूनमधून माझा सल्ला घेतो.

यंदा मात्र सल्ला आधी शेजारच्या हर्षदने दिला. हर्षदचा गाळा तेरा नंबर, बाटल्यांची झाकणं बनवतो. त्याला प्रत्येक सरकारी योजनेतलं निम्मं माहीत असतं, आणि ते नेमकं पहिलं निम्मं असतं.

"बघ यार जयवंत," बिलावर बोट ठेवून तो म्हणाला, "सरकारने वीज कंपन्यांना सांगितलंय, विकाल त्यातली इतके टक्के वीज ऊन-वाऱ्याची पायजे. नसली तर दंड. आता कंपनी काय स्वतःच्या खिशातून करणार? ती आपल्याकडून काढते. ही ओळ बघ. हरित ऊर्जा आकार, दोनशे बारा. पण इंडस्ट्रीवाल्यांना सूट असते. फक्त अर्ज करायचा."

"पण सूट मोठ्या कारखान्यांना असेल ना रे?"

"तू कारखाना नाय तर काय हळदीकुंकू मंडळ आहेस? मागायला काय जातं?"

मागायला काय जातं, याचं उत्तर आता माझ्याकडे तपशीलवार आहे.

अर्ज भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी नाहूरला राहतो, तिथून चारकोप म्हणजे मुंबईचं एक टोक सोडून दुसरं पकडणं, तरी गेलो. चौतीस वर्षं मी हिशेब खात्यात काढली आहेत. माझं अक्षर पाहून वरिष्ठ माझ्याकडे दुसऱ्यांची निरोपाची भाषणं लिहायला देत. आणि अर्जाच्या बाबतीत माझं एक तत्त्व आहे: एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्यात उद्या कोणीही काहीही लिहू शकतं. आमच्याकडे एका शिपायाने "अवलंबून असलेल्या व्यक्ती" हा रकाना मोकळा सोडला होता, तर कोणीतरी त्यात साहेबांचं नाव घातलं.

अर्ज चार पानी होता. आठव्या रकान्यापर्यंत मी नुसता वाहत गेलो. नववा होता, "स्वतःचा वीजनिर्मिती संच असल्यास क्षमता". मी जयवंतला विचारलं. कोपऱ्यात गोणपाटाखाली त्याचं जनरेटर होतं. मे महिन्यात वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर हमखास मान टाकतो, तेव्हा डंक्याची मोटर त्यावर चालते. मी गुडघे टेकून, चष्मा पुसून, त्याच्या पितळी पट्टीवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. ७५००. तो तसाच अर्जात उतरवला. रकान्याच्या टोकाला बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं आणि वर कंसातही काही होतं. पण कंसातला मजकूर हा ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतो, असा माझा तोवरचा अनुभव होता.

तीन आठवड्यांनी नोटीस आली.

जयवंतने फोन केला तेव्हा तो मालवणीत बोलत होता. तो घाबरला की मालवणीत जातो. लग्नाच्या दिवशी दिवसभर मालवणीतच होता. "भावोजी, माका सांगा, घटक म्हणजे काय?"

"कसला घटक?"

"हय लिवलाहा, मी बंधनपात्र घटक आसंय. एकोणपन्नास लाख भरूचे आसत म्हणतत."

मी तडक गेलो. नोटीस वाचली. स्वतःच्या वापरासाठी मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण करणाऱ्या उद्योगांनी आपल्या वापरातली तीस टक्के वीज अक्षय स्रोतातून घेणं बंधनकारक आहे. आपला प्रकल्प साडेसात मेगावॅटचा असून आपण एकही युनिट तसं घेतलेलं नाही. सबब एकवीस दिवसांत पूर्तता करावी किंवा रक्कम रुपये एकोणपन्नास लाख सत्तावीस हजार पाचशे भरावी, अन्यथा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. खाली हिशेब दिला होता. दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, त्याचे तीस टक्के, युनिटला पंचवीस पैसे. मी तो दोनदा करून पाहिला. पैशाचा फरक नाही. इतका स्वच्छ हिशेब सरकारी कागदावर मी निवृत्त झाल्यापासून पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं.

साडेसात मेगावॅट हा शब्द माझ्या नजरेतून सुटला होता असं नाही. मी अर्जात साडेसात हजार लिहिले होते, त्यांनी नुसते साडेसात धरले. म्हणजे आपल्याच फायद्याचं आहे, असं समजून मी मुद्दाम गप्प राहिलो.

"एकवीस दिवसांनी लाइट कापली तर सगळा मे गेला," जयवंत मुसळांकडे बघत म्हणाला. "मे गेला तर वरीस गेला."

सुलक्षणा फोनवर एवढंच म्हणाली, "अहो, त्याचा डंका बंद पडला तर घरी येताना फॅमिली कोर्टातून आणखी एक अर्ज घेऊन या. मी भरते."

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात गेलो. चैतन्य नावाचा कारकून होता, कोवळा, मान खाली. मी नोटीस पुढे केली. त्याने आकडा वाचला आणि उभा राहिला.

"साडेसात मेगावॅटवाले तुम्हीच का सर? बसा ना."

चौतीस वर्षं मी सरकारी टेबलाच्या त्या बाजूला होतो, पण या बाजूला आल्यावर मला खुर्ची कोणी दिली नव्हती. चहा आला, तोही बशीसकट.

"प्रकल्प चारकोपमध्ये? बाहेरून दिसत नाही कधी."

"गाळ्यात आहे."

"मोठा असेल."

"दहा बाय पंधरा."

तो हसला. श्रीमंत माणसं साधेपणाने बोलतात हे त्याला ठाऊक असावं. "कोळशावर की गॅसवर?"

"डिझेल. तेही लाइट गेली तरच. एरवी गोणपाट टाकून ठेवतो."

"नुसता राखीव ठेवायला साडेसात मेगावॅट!" त्याने बिस्किटं मागवली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, राखीव संचाला सूट मिळते. पण पाहणी होणार. मॅडम कडक आहेत. थोडं तरी सौर दाखवा. हेतू दिसला पाहिजे."

मी बिस्किट चहात बुडवत म्हटलं, "हेतू दाखवू." त्या खुर्चीत मला काहीही शक्य वाटत होतं.

हेतूची किंमत अठरा हजार पाचशे रुपये पडली. हर्षदच्या ओळखीचा माणूस होता. एक पॅनेल, एक बॅटरी आणि वर एक टेबलफॅन फुकट. जयवंतचे पैसे हंगामात अडकलेले, म्हणून मी म्हटलं, तूर्त मी देतो. नातेवाइकांच्या व्यवहारात "तूर्त" हा शब्द ज्याने शोधला तो नक्की घेणाऱ्यांपैकी असला पाहिजे. पॅनेल वसाहतीच्या गच्चीवर बसलं. त्यावर मोटर चालणं शक्यच नव्हतं, पण पंखा झकास चालायचा. गाळ्यात पहिल्यांदाच वारा आला आणि मिरचीची पूड, जी इतकी वर्षं जमिनीवर बसून असायची, ती उठून सगळ्यांच्या डोळ्यांत फिरायला लागली.

पाहणीच्या सकाळी मढ कोळीवाड्यातून मंजुळाबाई चाळीस किलो मिरची घेऊन आली. तिच्या लेकीचं, दिपालीचं लग्न होतं, पाच घरांचा वर्षाचा मसाला आणि वर हळदीच्या जेवणाचा वेगळा. बाईचं हात लावून मिरचीचं ऊन ओळखण्याचं कसब मोठं. एक मिरची मोडून म्हणाली, "नाय रं जयवंता, अजून वाकतंय. कडकडीत पायजे. गच्चीची चावी दे."

जयवंतने दिली. तो रोज देतो. त्यात काही चूक नव्हती.

अकरा वाजता जीप आली. ऋता मॅडम उतरल्या, तिशीच्या, हातात फाइल. मागे दोन इंजिनिअर, डोक्यावर पिवळी शिरस्त्राणं. तिघंही मान वर करून धुराडं शोधत होते.

"प्लांट कुठे आहे?"

जयवंतने गोणपाट ओढलं. "हा."

मॅडमनी आधी जनरेटरकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या भिंतीकडे, मागे काही दार आहे का म्हणून. एक इंजिनिअर वाकला, पट्टी वाचली आणि शिरस्त्राण काढून हातात घेतलं.

"साडेसात हजार वॅट आहे, मॅडम. रकाना किलोवॅटचा होता. हजारपट झालंय."

"शिवाय वर कंसात लिहिलंय," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हा रकाना फक्त एक हजार किलोवॅटच्या वरच्या उद्योगांनी भरावा. इतरांनी रिकामा सोडावा. अक्षर छान आहे. कोणी भरला?"

जयवंत, हर्षद आणि मिरची घेऊन उभ्या असलेल्या पाच बायका, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंखासुद्धा माझ्याकडे वळला आणि तिथेच बंद पडला.

"सौर आहे ना आमचं!" हर्षद घाईने म्हणाला. "वरती! हेतू बघा मॅडम!"

आम्ही गच्चीवर गेलो. पॅनेल दिसत नव्हतं. त्या जागी एक तिरका, लालभडक, चौकोनी ढीग होता आणि शेजारी छत्री धरून मंजुळाबाई.

"बाई, हे काय केलंत? यावर ऊन पडायला हवं!"

"मंग पडतंयच की. काच कशी तापते बग! दोन दिवसांचं काम दोन तासांत झालं." तिने एक मिरची मॅडमच्या कानाशी नेऊन मोडली. कट्‌कन आवाज आला. "आयकलंस? चांगली वस्तू आनलीय जयवंतानं."

मॅडम हसल्या नाहीत, पण फाइल तोंडासमोर धरून बराच वेळ वाचत राहिल्या.

मी धीर करून म्हटलं, "चूक माझी आहे. एक शेरा मारा आणि साडेसात हजारचे साडेसात करा. मी सही करतो."

"क्षमता कमी करायची तरतूद नाही. वाढवता येते. मोठे कारखाने दुरुस्तीच्या नावाखाली कागदावर आपले प्रकल्प बारीक करायचे आणि बंधनातून सुटायचे. म्हणून तो रस्ताच बंद केलाय. आणि राखीव म्हणून सूट द्यायची तर साडेसात मेगावॅटचा संच मला इथे दिसायला हवा."

"मग?"

"प्रकल्प मोडीत काढल्याचं दाखवता येतं. भंगाराची पावती जोडा. मी परत येऊन जागा रिकामी झाल्याची खात्री करीन."

म्हणजे जे नव्हतं ते सिद्ध करायला, जे होतं ते विकायचं. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला हे लगेच पटलं. जयवंतला समजावायला दोन तास लागले. एक्केचाळीस हजारांचं जनरेटर वसाहतीच्या फाटकाजवळच्या भंगारवाल्याने तेवीसशेला घेतलं. पावतीवर "साडेसात मेगावॅट वीज प्रकल्प, संपूर्ण, वजन त्रेसष्ट किलो" असं लिहायला त्याने वर शंभर रुपये मागितले. म्हणाला, एवढा मोठा शब्द लिहायची सवय नाही.

पावती मी स्वतः कार्यालयात नेऊन दिली. चैतन्यने या वेळी खुर्ची दिली नाही. बिस्किटांच्या पुड्याकडे मात्र नजर टाकली, तो बंद आहे ना एवढं पाहायला.

आणि तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराला, वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर गेला.

हंगामाच्या गर्दीत मंजुळाबाईचा नंबर नेमका त्याच दिवशी लागला होता, आणि डंक्याची मुसळं अर्ध्यात थांबली. चौकशी केली तर संध्याकाळपर्यंत येईल, नाही तर उद्या. मंजुळाबाईचा बाकीचा मसाला थांबू शकत होता. हळदीच्या जेवणाचा पाच किलो थांबू शकत नव्हता. तिने कमरेवर हात ठेवले.

"जयवंता, जनरेटर काड."

जयवंतने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे फक्त गोणपाट होतं.

"माजे पोरीची हलद हाय उद्या! चारशे मानूस जेवनार! मसाला नाय तर कोलंबीला काय तुमचं तोंड लावू?"

"दुसऱ्या डंक्यावर..." मी म्हणालो.

"सगल्या चारकोपात लाइट नाय! आनि माजा मसाला बारा वरसं हितंच होतोय. आता जयवंतानं नाय दिला तर कोलीवाड्यातला एक मानूस परत नाय येनार, सांगून ठेवतंय." जयवंतचं अर्धं गिऱ्हाईक मढचं. हे ती धमकी म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून सांगत होती, त्यामुळे जास्त भीती वाटली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ओ हिशेबवाले. तुमीच ना ते जनरेटर कागदात घालवलं?"

मी नाकारलं नाही. नाकारायला साक्षीदार फार होते.

हळद कुटायला म्हणून तिच्या दारात उखळ आणि दोन मुसळं काढूनच ठेवली होती. रिक्षाने ती मढहून आली. एक मुसळ जयवंतने घेतलं. दुसरं माझ्या हातात आलं. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे, मला मणक्याचा त्रास आहे, मी पदवीधर आहे. यातली एकही बाब विचारात घेतली गेली नाही. मंजुळाबाई स्टुलावर बसली. तिच्यासमोर तो टेबलफॅन, सौर असल्यामुळे वीज नसतानाही उत्तम चालणारा. वारा तिला, पूड मला.

"हाना! नुसतं टेकवू नका! अंग टाका! बायकोला सांगता का असं हलू हलू कुटायला?"

साडेतीन वाजता मी शर्ट काढला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक शेंदरी झालं होतं आणि मी दर टोल्याला एक आकडा मोजत होतो, सवयीने. अकराशे चाळिसाव्या टोल्याला दारात ऋता मॅडम उभ्या होत्या.

"प्रकल्प काढल्याची खात्री करायला आले होते," त्या म्हणाल्या. त्यांनी रिकामा कोपरा पाहिला, मुसळ पाहिलं, मला पाहिलं आणि लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता वाचूनही दाखवलं: "वीज प्रकल्प अस्तित्वात नाही. नोटीस मागे घेण्यास हरकत नाही. पाहणीवेळी उत्पादन मनुष्यबळावर सुरू होतं."

"म्हणजे अक्षयच की हो!" हर्षद मागून म्हणाला. तो फक्त बघायला आला होता.

"चहा मिळत राहिला तर," मॅडम म्हणाल्या.

नोटीस गेली. डंका वाचला. माझं काम झालं होतं, पण हिशेब अपुरा सोडण्याची सवय नाही. मुसळावर रेलून मी विचारलं, "आणि मॅडम, आमचा मूळ अर्ज? ते दोनशे बारा? बंधनातून सूट?"

"कुठले दोनशे बारा?"

जयवंतने बिल दाखवलं. मॅडमनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "ही ओळ बंधनाची नाहीच. बंधनाचा खर्च सगळ्यांच्या दरातच असतो, त्यातून तुमच्यासारख्यांना सूट नसते. हा ऐच्छिक आकार आहे. 'मला हरित वीज हवी' असं ज्यांनी स्वतःहून कळवलं, त्यांनाच लागतो. नको असेल तर एक मेसेज करायचा. लगेच बंद."

"आमी कधी कळवला?" जयवंत म्हणाला.

"जोडणी घेताना किंवा नावावर करताना अर्जात एक रकाना असतो. 'पर्यावरणासाठी हरित वीज घेऊ इच्छिता का?' लोक बहुतेक रिकामा सोडतात."

दोन वर्षांपूर्वी जयवंतने गाळ्याची जोडणी स्वतःच्या नावावर करून घेतली तेव्हाचा अर्ज कोणी भरला होता, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मी मुसळ उचललं आणि अकराशे एक्केचाळिसावा टोला हाणला.

आता जमाखर्च. जयवंतने तिथल्या तिथे मेसेज केला आणि त्याचे महिन्याला दोनशे बारा रुपये वाचू लागले, विनाअर्ज. मंजुळाबाईच्या हळदीला चारशे माणसं जेवली आणि कोलंबीची वाहवा झाली. डंक्यापेक्षा हातकुटीचा मसाला सरस लागतो अशी मढमध्ये बातमी पसरली, आणि तो अजून मिळेल का म्हणून जयवंतला फोन येतात. त्याला हो म्हणायला मी सक्त मनाई केली आहे. हर्षदला पॅनेलवर दोन हजार कमिशन मिळालं, हे त्याने स्वतःच आनंदाने सांगितलं. पॅनेल गच्चीवर आहे. त्यावर मिरची वाळवायला मंजुळाबाई किलोला दोन रुपये देते, जयवंतला. नवं जनरेटर सत्तेचाळीस हजारांना आलं. पॅनेलचे अठरा हजार पाचशे, पावतीचे शंभर, मणक्याच्या डॉक्टरचे दोन हजार चारशे. तेवीसशे भंगाराचे वजा. एकूण पासष्ट हजार सातशे. ही रक्कम तूर्त मी दिली आहे.

परवा सहज म्हणून मी आमच्या नाहूरच्या घराचं बिल काढलं. खालून तिसरी ओळ. हरित ऊर्जा आकार, बासष्ट रुपये. हा अर्जसुद्धा माझ्याच अक्षरात आहे. अकरा वर्षांपूर्वीची जोडणी तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या नावावर करून घेतली तेव्हाचा. एका मेसेजचं काम आहे. पण मेसेज जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच मोबाईलवरून जावा लागतो, आणि जोडणी मी सुलक्षणाच्या नावावर केली आहे. तिने "कशाला?" असं विचारलं, की मला सांगावं लागेल.

महिन्याला बासष्ट रुपये. मी भरतोय. पर्यावरणासाठी.